तिसऱ्या, कालवं आणि न दिसणारं विष : प्रयोगशाळेत ते मोजतात तरी कसं?

ओहोटी लागली की खाडीत उतरायचं, गाळात हात घालून तिसऱ्या, मुळे वेचायचे, खडकावरची कालवं कोयतीने फोडायची. आपल्या किनाऱ्यावर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. कित्येक घरांत बायकांच्या हातात येणारा रोखीचा पैसा याच टोपलीतून येतो. खाणाऱ्यांचंही काही बिघडत नाही. मग विषाची गोष्ट कशाला काढायची?

आधीच स्पष्ट करतो. आपल्या खाडीत आज काही विषारी सापडलंय, अशी ही बातमी नाही. पण याच अरबी समुद्राच्या काठावर, केरळात तिरुअनंतपुरमजवळच्या विळिंजम भागात १९९७ साली शिनाणे खाऊन ७ माणसं दगावली आणि ५०० हून जास्त लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्याआधी १९८३ मध्ये मंगळूरच्या दक्षिणेला कुंबळे इथल्या खाडीतले शिंपले खाऊन एका मुलाचा जीव गेला. १९८१ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तिघं गेली आणि ऐंशीहून अधिक आजारी पडली. असं विष शिळ्या मालातच असतं असं नाही. ताज्या, वास नसलेल्या, नीट शिजवलेल्या मालातही ते असू शकतं.

हे विष येतं कुठून

समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. एकेका पेशीचं, पाण्यावर तरंगणारं. मासळीचं सगळं जग शेवटी यावरच जगतं, त्यामुळे हे शेवाळ म्हणजे शत्रू नव्हे. त्याच्या हजारो जाती आहेत आणि त्यांतल्या थोड्याच जाती विष तयार करतात. अलेक्झांड्रियम, जिम्नोडिनियम कॅटेनॅटम, डायनोफायसिस, स्यूडोनिट्शिया अशी त्यांची लांबलचक नावं आहेत. पाणी, ऊन आणि खत म्हणून लागणारी द्रव्यं जुळून आली की यांतली एखादी जात अचानक वाढते. काही जातींच्या पेशी बी पडल्यासारख्या तळच्या गाळात जाऊन झोपतात आणि वेळ आली की पुन्हा उगवतात.

आता तिसरी काय करते? ती एका जागी बसून पाणी आत ओढते, गाळते आणि बाहेर सोडते. गाळून राहिलं ते तिचं जेवण. एक शिनाणा तासाला काही लिटर पाणी सहज गाळतो. म्हणजे पाण्यात विष अगदी पातळ असलं तरी शिंपल्याच्या पोटात ते साठत जातं. शिंपल्याला स्वतःला फारसं काही होत नाही, दिसायला तो धडधाकटच असतो. माशाचं आपण मांस खातो, आतडी टाकून देतो. म्हणून हा धोका मुख्यतः दोन शिंपांच्या प्राण्यांचा : तिसऱ्या, मुळे, शिनाणे, कालवं. उगाच बांगडा-सुरमई सोडायची गरज नाही.

या विषांतलं सगळ्यात घातक म्हणजे सॅक्सिटॉक्सिन. अलास्काकडे मिळणाऱ्या सॅक्सिडोमस नावाच्या शिंपल्यात ते सापडलं, त्यावरून हे नाव पडलं. आपल्या नसांतून निरोप जातो तो सोडियमच्या ये-जा करण्यावर. नसेच्या पेशीला सोडियम आत घेणारी बारीक दारं असतात. सॅक्सिटॉक्सिन त्या दारात बूच मारल्यासारखं बसतं. दार बंद, निरोप बंद. अर्ध्या-एक तासात ओठ, जीभ, बोटांची टोकं मुंग्या आल्यासारखी होतात, बधिर पडतात. मग बोलणं जड होतं, हातपाय ढिले पडतात. जास्त विष गेलं असेल तर छातीचे स्नायू थांबतात आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असताना गुदमरतो.

शिजवून मरत नाही, आमसुलाने तर नाहीच

गावात कुणाशीही या विषयावर बोललं की पहिलं उत्तर येतं, ‘उकळलं की सगळं मरतं.’ जंतू मरतात, हे खरं. पण हे जंतू नाहीत, रसायन आहे. साध्या उकळीला ते दाद देत नाही. फ्रीजमध्ये गोठवूनही जात नाही. त्यातलं काही उकळलेल्या पाण्यात उतरतं खरं, पण आपण तर ते पाणीच रस म्हणून ओरपतो.

आंबटाचं तर उलटंच आहे. एकशिपीत आमसूल किंवा चिंच घातली की दोष जातो, असा समज आहे. सॅक्सिटॉक्सिन आंबट पाण्यात जास्त चांगलं टिकतं. किती टिकतं? प्रयोगशाळेत ते शिंपल्यातून काढायचं असेल तर चक्क आम्लात उकळूनच काढतात. पुढे वाचा, म्हणजे ती रीत आणि आपली रीत किती जवळची आहे ते कळेल.

काही देशांत चांदीचा चमचा काळा पडला तर विष आहे, असं मानायचे. त्यात तथ्य नाही. वासाने, चवीने, रंगाने हे विष ओळखता येत नाही. म्हणूनच मोजायची वेळ येते.

उंदीर आणि घड्याळ

मोजण्याची पहिली पक्की पद्धत अमेरिकेत बसली. १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास शिनाणे खाऊन १०२ लोक आजारी पडले, ६ मेले. तिथले संशोधक हर्मन सोमर आणि कार्ल मायर यांनी पुढची दहा वर्षं या प्रकरणाचा पिच्छा पुरवला. विष समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून येतं हे त्यांनी दाखवून दिलं आणि ते मोजायची रीतही घालून दिली. १९३७ मध्ये ते काम छापून आलं. तेव्हा हे रसायन नेमकं कसं आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. ज्याचं रूप माहीत नाही ते मोजायचं कसं? त्यांनी मोजलं ते विषाचं काम.

रीत अशी. शिंपल्यांचं १०० ग्रॅम मांस बारीक वाटायचं. त्यात १०० मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं आणि पाच मिनिटं उकळायचं. थंड करून २०० मिलिलिटर करायचं. आमसूल घालून केलेल्या रश्शाची आठवण झाली ना? वरचं निवळ पाणी १ मिलिलिटर घेऊन साधारण २० ग्रॅम वजनाच्या पांढऱ्या उंदराच्या पोटात टोचायचं आणि घड्याळ सुरू करायचं. उंदीर किती वेळात मरतो, त्यावरून विष किती ते ठरवायचं. जो डोस अशा उंदराला १५ मिनिटांत मारतो, त्याला ‘एक उंदीर-एकक’ म्हणतात. सॅक्सिटॉक्सिनच्या हिशेबात हे एकक सुमारे ०.२ मायक्रोग्रॅम भरतं. उंदीर फार लवकर मेला तर पाणी पातळ करून पुन्हा टोचायचं, म्हणजे वेळ पाच ते सात मिनिटांच्या आसपास येते आणि हिशेब नीट लागतो.

मायक्रोग्रॅम म्हणजे किती? एक ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक. जेवणातल्या बारीक मिठाचा एक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. आता नियम बघा. १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सॅक्सिटॉक्सिन असेल तर तो माल विकायचा नाही. जगात बहुतेक ठिकाणी हीच मर्यादा आहे. म्हणजे ताटभर तिसऱ्यांत मिठाचा जेमतेम सव्वा-दीड कण! माणूस मरायला १ ते ४ मिलिग्रॅम पुरतात असं मानलं जातं, आणि जोराची साथ असते तेव्हा १०० ग्रॅम मांसातच हजारो मायक्रोग्रॅम सापडल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे दहा-बारा शिनाणे खाऊनही काम तमाम होऊ शकतं.

ही पद्धत पन्नास-साठ वर्षं जगभर चालली. तिने असंख्य जीव वाचवले, हे मान्य करायला हवं. पण तिच्यात खोटही होती. मोजमाप सुमारे ४० मायक्रोग्रॅमच्या खाली जातच नाही, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याला पोचेपर्यंत विष वाढतंय की नाही ते कळत नाही. अर्कात मीठ जास्त असलं तर विष असलेलं कमी दिसतं. आणि उंदरांचा छळ तर आहेच. रोज शेकडो नमुने तपासायचे तर रोज किती उंदीर मारणार?

उंदरांनी अंग खाजवलं आणि नवं विष सापडलं

तरी उंदराच्या पद्धतीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८७ च्या नोव्हेंबरअखेरीस कॅनडात एकाएकी माणसं उलट्या, पोटदुखी घेऊन दवाखान्यात येऊ लागली. काही जण गोंधळलेले होते, काहींना फिट्स आल्या, आणि काहींना नुकतंच घडलेलं आठवेना. शंभराहून अधिक लोक आजारी पडले, तिघं म्हातारी माणसं दगावली. सगळ्यांनी प्रिन्स एडवर्ड बेटावर वाढवलेले शिनाणे खाल्ले होते.

तिथल्या प्रयोगशाळेने नेहमीप्रमाणे अर्क काढून उंदरांना टोचला. उंदीर मेले, पण सॅक्सिटॉक्सिनने मरतात तसे नाही. ते मागच्या पायाने खांदा सारखे खाजवत होते आणि मरायलाही जास्त वेळ घेत होते. म्हणजे विष आहे, पण हे ते नव्हे. हॅलिफॅक्सच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ रात्रंदिवस बसले. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग उंदराला टोचायचा, ज्याने उंदीर खाजवतो तो भाग ठेवायचा आणि त्याचे पुन्हा भाग पाडायचे. असं चाळत चाळत थोड्याच दिवसांत नाव हाती आलं : डोमोइक ॲसिड. गंमत म्हणजे हे रसायन जपानला आधीपासून ठाऊक होतं, तिथे एका लाल समुद्री शेवाळाचा वापर पोटातले जंत पाडायला करत. शिनाण्यांत ते आलं होतं स्यूडोनिट्शिया नावाच्या सूक्ष्म शेवाळातून. मग त्याचीही मर्यादा ठरली : एक किलो मांसात २० मिलिग्रॅम.

यातून धडा असा निघाला की यंत्र फक्त तेच शोधतं, जे शोधायला त्याला सांगितलंय. उंदीर मात्र अनोळखी विषालाही नडतो. उंदीर सोडताना शास्त्रज्ञांचा हात जड झाला तो यामुळेही.

आता यंत्रं काय करतात

आज बऱ्याच देशांत उंदरांची जागा यंत्रांनी घेतली आहे. युरोपने २०१९ पासून सॅक्सिटॉक्सिनसाठी रासायनिक पद्धतच प्रमाण मानली. तिचं नाव एचपीएलसी. मांसाचा अर्क एका बारीक नळीतून दाबाने पुढे ढकलतात. नळीत खास भुकटी भरलेली असते. वेगवेगळी रसायनं तिला कमी-जास्त चिकटतात, म्हणून एकामागून एक बाहेर पडतात. जत्रेत माणसं दुकानांपुढे रेंगाळतात तसं समजा. ज्याला खरेदी नाही तो आधी बाहेर येतो.

सॅक्सिटॉक्सिन मात्र नळीतून बाहेर आलं तरी दिसत नाही. म्हणून अर्कात आधी पेरॉक्साइड किंवा पीरिओडेट घालून त्याचं रूप थोडं बदलतात. बदललेलं रूप विशिष्ट प्रकाशात चमकतं. ती चमक जितकी जास्त तितकं विष जास्त. दुसरं यंत्र, एलसी-एमएस, त्याहून पुढचं. ते नळीतून बाहेर पडणाऱ्या रेणूंचं वजनच करतं, मग रेणू फोडून तुकड्यांचंही वजन करतं. जुलाब करणारी ओकाडाइक ॲसिडसारखी विषं याच यंत्रावर मोजतात.

इथे एक अडचण आहे. सॅक्सिटॉक्सिन एकटं नसतं, त्याची पन्नासावर भावंडं आहेत. कुणी जहाल, कुणी अगदी मवाळ. नुसती बेरीज करून चालत नाही. म्हणून प्रत्येकाचं वजन त्याच्या जहालपणाने गुणतात आणि मग बेरीज करतात. किराणा दुकानदार वेगवेगळ्या भावाचा माल एकाच बिलात रुपयांत आणतो, तसंच हे. अहवालात ‘सॅक्सिटॉक्सिन समतुल्य’ असं लिहितात ते यासाठी. शिवाय काट्याला वजनं लागतात तशी यंत्राला शुद्ध विषाची नेमकी मोजलेली कुपी लागते. अशा कुप्या जगात मोजक्या ठिकाणी तयार होतात, त्यांत हॅलिफॅक्सची ती प्रयोगशाळाही आहे. यंत्र विकत घेतलं म्हणजे झालं, असं नाही ते यामुळे.

कोरोनात आपण घरी पट्टीची चाचणी केली, तशा पट्ट्या या विषांसाठीही निघाल्यात. जागेवर, थोड्या मिनिटांत निकाल मिळतो. पण पट्टी काही भावंडांना चटकन ओळखते, काहींना नीट ओळखत नाही. चाळण म्हणून ठीक. पट्टीवर शंका आली की नमुना यंत्राकडे न्यायचा.

पाणी बघून सांगता येत नाही का?

काही प्रमाणात येतं. ठरावीक दिवशी पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात आयोडीनचं द्रावण टाकून पेशी स्थिर करायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुठल्या जातीच्या किती पेशी आहेत ते मोजायचं. विषारी जात वाढताना दिसली की शिंपल्यांची तपासणी वाढवायची. ही धोक्याची घंटा झाली, निकाल नव्हे. कारण तीच जात कधी जास्त विष करते, कधी कमी. निकाल शिंपल्याच्या मांसाचाच.

हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था उपग्रहावरून समुद्रातल्या शेवाळाच्या वाढीवर नजर ठेवते आणि माहिती देते. मच्छीमारांनी तिचा उपयोग जरूर करावा. मात्र उपग्रहाला पाण्याचा हिरवा-लाल रंग कळतो, विष कळत नाही.

याच जागी आपला एक घोटाळा होतो. पाणी लालसर-हिरवं दिसलं किंवा रात्री लाटा निळ्या चमकल्या की मोबाईलवर व्हिडिओ फिरतात, ‘समुद्रात विष आलं.’ कोकणात चमकणारं ते बहुतेकदा नॉक्टिल्युका असतं. ते सॅक्सिटॉक्सिन करत नाही. फार वाढलं तर पाण्यातला प्राणवायू कमी होऊन मासळीला त्रास होतो, ती गोष्ट वेगळी. उलट, विषारी जात कधी कधी इतकी थोडी असते की पाण्याचा रंग बदलतही नाही, पण शिंपल्यांत मात्र विष साठलेलं असतं. म्हणजे रंग दिसला म्हणून विष, आणि नाही दिसला म्हणून बिनधोक, दोन्ही चुकीचं.

नमुना कसा घ्यायचा हेही सोपं नाही. एक तिसरी तपासून खाडीचं कळत नाही. एकाच जागच्या दोन शिनाण्यांत विष कमी-जास्त असतं, म्हणून बरेच शिंपले एकत्र वाटून तपासतात. पुढच्या वळणावरच्या खडकाचा हिशेब पुन्हा वेगळा. आणि आजचा निकाल आजचाच. शेवाळ ओसरलं की शिनाणे काही आठवड्यांत स्वच्छ होतात, पण अलास्काकडचा तो सॅक्सिडोमस दोन-दोन वर्षं विष धरून ठेवतो. म्हणून जिथे ही व्यवस्था आहे तिथे हंगामात आठवड्याला तपासणी होते, आणि मर्यादा ओलांडली की त्या भागातली वेचणी बंद. पुन्हा निकाल नीट आले की सुरू.

आपल्याकडे परदेशी जाणाऱ्या मालासाठी अशी तपासणी करावीच लागते, कारण घेणारा देश कागद मागतो. खाडीतून निघून आठवडी बाजारात येणाऱ्या टोपलीला मात्र कुणी कागद मागत नाही. वेचणाऱ्या बाईने स्वतःच्या खर्चाने तपासणी करावी ही अपेक्षा चुकीची आहे. ते काम सरकारी यंत्रणेचं. ग्रामसभेत किंवा मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याला एवढं विचारायला हरकत नाही की आपल्या खाडीचा नमुना शेवटचा कधी गेला, आणि कुठे गेला.

ओठ बधिर झाले तर

शिंपले खाल्ल्यावर तासा-दोन तासांत ओठ-जीभ बधिर वाटली, बोटांना मुंग्या आल्या, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून झोपू नका. त्याच ताटातलं ज्यांनी ज्यांनी खाल्लं, त्या सगळ्यांकडे लक्ष द्या, लहान मुलांकडे आधी. १०८ ला फोन करा आणि श्वासाचं यंत्र म्हणजे व्हेंटिलेटर जिथे आहे अशा दवाखान्यात जा. या विषावर उतारा नाही. पण श्वास यंत्रावर चालू ठेवला तर विष लघवीवाटे शरीराबाहेर पडतं, आणि पहिले बारा ते चोवीस तास निभावले की माणूस सहसा पूर्ण बरा होतो. वेळेत पोचणं हाच उपचार म्हणा ना.

डॉक्टरांना शिंपले खाल्ल्याचं आधी सांगा, नाहीतर सर्पदंश, अर्धांगवायू असं काहीबाही शोधण्यात वेळ जाईल. उरलेलं कालवण, कच्चे शिंपले फेकू नका. पिशवीत बांधून, तारीख आणि कुठल्या खाडीतले ते लिहून बर्फात किंवा फ्रीजरमध्ये ठेवा आणि दवाखान्याला कळवा. गोठवल्याने विष जात नाही हे वर सांगितलं, ते इथे कामाला येतं. ती पिशवी प्रयोगशाळेत पोचली तरच कळेल की विष होतं का, कुठलं होतं आणि किती. त्याच खाडीत दुसऱ्या दिवशी ओहोटीला उतरणाऱ्यांना थांबवायचं की नाही, हे त्यावरच ठरेल.